आतली कडी

धाकट्या जावेच्या कपाटात इस्त्रीचे कपडे ठेवताना थोरलीच्या हाताला एक पाकीट लागलं. तिने ते फाडलं. आत पातळ, बुळबुळीत पिशवी निघाली, तोंडाशी एक मोठी कडी आणि आत एक लहान.

"हे काय गं?" दारात आलेल्या धाकटीला तिने विचारलं.

धाकटी लाजली, पण लपवलं नाही. "बायकांचं कंडोम, ताई. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दिलं. इतक्यात मूल नकोय, म्हणून मीच वापरते."

"आणि भाऊजींना चालतं?"

"पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, हा कुणाचा पायमोजा? मग आम्हा दोघांनाही हसू आवरेना."

थोरलीच्या अंगाची लाहीलाही झाली. धाकटीच्या रंगावर, दागिन्यांवर ती कधी जळली नव्हती. त्या हसण्यावर मात्र जळली. चौथ्या बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, पुन्हा दिवस गेले तर बाई हाती लागायची नाही. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "मी काही रबर-बिबर वापरणार नाही." तेव्हापासून अंथरूण घालायची वेळ झाली की तिच्या छातीत धडधडायचं.

"फार शेफारलीस," ती म्हणाली. "थांब, सासूबाईंनाच सांगते."

"सांगा की. पण ताई, तुम्ही रडताय का?"

थोरलीने तळहाताने डोळे पुसले. धाकटीला आत घेऊन दाराला आतून कडी घातली आणि पलंगावर येऊन बसली.

"दाखव, कसं घालायचं."

धाकटीने लहान कडी दोन बोटांत चिमटली. "अशी धरून आत सरकवायची. ही मोठी बाहेरच राहते."

"म्हणजे यांना दिसणार?"

"दिसणारच. चोरून नाही वापरता येत."

"तुझं बरं आहे बाई," थोरली म्हणाली. "तुला नुसतं शिकावं लागलं."

तेवढ्यात दारावर थाप पडली. थोरलीचा नवरा. "अगं ए, दार का लावलंय? काय चाललंय आत?"

धाकटीने घाईघाईने सगळं उशीखाली सारलं. थोरलीने ते बाहेर काढून मांडीवर ठेवलं.

"माझं काम चाललंय," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "झालं की उघडते."