विचारून सांगतो

"काकू, तुम्ही फक्त हो म्हणा," निहार म्हणाला. "बाकी सगळं माझ्यावर."

दिल्लीत आर. के. पुरमच्या समाजसदनात गणेशोत्सवाच्या नाटकाची पात्रनिवड चालली होती. पंखे गरम हवा ढवळत होते आणि कुमुदच्या मांडीवर नाटकाचं जुनं पुस्तक होतं. एकतीस वर्षं मराठी मंडळाच्या नाटकांना तिने प्रॉम्प्टिंग केलं होतं. विंगेत बसायचं आणि नट अडला की हळूच शब्द पुरवायचा. स्टेजवर जायची हौस तिलाही होती. पण मंडळाचा हिरो आणि घरातला नवरा एकच. शांतारामराव म्हणायचे, "तू स्टेजवर आलीस तर पुस्तक कोण धरणार?" झालं! दुसरं कोणी पुढे येईना, म्हणून ती धरत राहिली.

शांतारामराव फेब्रुवारीत गेले. कुमुद रडली नव्हती. भेटायला येणाऱ्या बायका काळजीने म्हणायच्या, "रडून घ्या हो, मोकळं वाटेल." तिने प्रयत्नही करून पाहिला, पण आतून काही येईना. भूक लागली की ती जेवायची, झोप आली की झोपायची. आपल्याला काहीच वाटत नाही, याचंही तिला काही वाटत नव्हतं.

यंदा मंडळाने त्यांचंच गाजलेलं विनोदी नाटक बसवायला घेतलं होतं. नोकरीसाठी एक माणूस लग्न झालं नसल्याची थाप मारतो आणि बायकोला स्वयंपाकघरात दडवतो. तिसऱ्या अंकात साहेब घरी येऊन विचारतो, "काय हो, लग्न झालंय का तुमचं?" पुस्तकात उत्तर होतं, "छे हो, साहेब!" शांतारामराव मात्र चाळीस सेकंद गप्प उभे राहायचे. डावीकडच्या विंगेत बघत राहायचे. मग साहेबाकडे वळून शांतपणे म्हणायचे, "विचारून सांगतो."

लोक खुर्च्यांवरून घसरायचे. दुसऱ्या दिवशी सरकारी कँटीनमध्ये चहा घेणार का विचारलं, तरी मराठी माणूस म्हणायचा, विचारून सांगतो.

आता ती भूमिका सुधन्वा मागत होता. तो मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनीअर होता. दोनदा करून दाखवलं, पण दोन्ही वेळा अकराव्या सेकंदाला त्याचा धीर सुटला.

"इतका वेळ गप्प कसं राहायचं यार? मलाच वाटतं, मी वाक्य विसरलोय."

नाटक बसवणाऱ्या निहारने मोबाइलवर शांतारामरावांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. तो गुरुग्रामच्या कंपनीत होता, पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली होती, पण हे रेकॉर्डिंग त्याला तोंडपाठ होतं. "डोळे बघ त्यांचे. हा विनोद नाहीये, सुधन्वा. खोटं बोलायच्या आधी हा माणूस बायकोची परवानगी मागतोय. आणि खरी बायको खरोखरच विंगेत बसलीये, पुस्तक घेऊन! सगळे याला कॉमेडी समजतात. ही लव्हस्टोरी आहे."

"निहार, हसायचं नाटक आहे ते," कोपऱ्यातून लतिका म्हणाली. "हसायचंच राहू दे."

लतिका एका कोटाला बटण लावत होती. शाळेत शिकवता शिकवता मंडळाची रंगभूषा आणि कपडेपट तिनेच सांभाळला होता. जुन्या संचातल्या कोणाच्या बदल्या झाल्या, कोणी निवृत्त होऊन पुण्या-नागपूरला गेले. उरल्या या दोघीच.

"बिल्कुल हसतील, मावशी. मग रडतील." निहार कुमुदसमोर उकिडवा बसला. "काकू, आपल्या नाटकात बायको स्वयंपाकघरात नाही दडणार. विंगेचा पडदा मागे ओढू, तुमच्यावर लाइट टाकू. बायकोचं काम तुम्ही करायचं. एवढी वर्षं अंधारात बसलात, आता उजेडात बसा. तुम्ही नाही म्हणालात तर मी हे नाटक करणार नाही."

एकतीस वर्षांची हौस आयती चालून आली होती. कुमुदने मनात चाचपून पाहिलं. काहीच लागलं नाही हाताला.

"नको असेल तर नाही म्हण, कुमुद," लतिका म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. "जबरदस्ती नाहीये कोणाची."

"मला कुठे काय वाटतंय," कुमुद म्हणाली. "करून बघते."

निहारने डाव्या विंगेच्या तोंडाशी खुर्ची ठेवली. कुमुद पुस्तक घेऊन तिथे बसली. सुधन्वा मधोमध उभा राहिला आणि साहेबाचं वाक्य निहारने खालून म्हटलं. "काय हो, लग्न झालंय का तुमचं?"

सुधन्वाने मान वळवून कुमुदकडे पाहिलं.

दहा सेकंद गेले. वीस गेले. या खेपेला त्याचा धीर सुटला नाही. शिकवलं होतं तसंच तो बघत होता, जणू जगात दुसरं कोणी नाहीच. मग कुमुदचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला आणि ती हमसून हमसून रडू लागली. सहा महिने अडलेलं सगळं एकदम फुटलं.

"विचारून सांगतो," सुधन्वा कसाबसा म्हणाला. हसलं कोणीच नाही.

निहार धावत स्टेजवर आला. त्याचेही डोळे भरले होते. "सॉरी, काकू. काका असेच बघायचे ना तुमच्याकडे?"

कुमुदने पदराने तोंड पुसलं. तिला फार हलकं वाटत होतं, आणि फार राग आला होता. दोन्ही एकदमच.

"काम मी करते," ती म्हणाली. "पण तुला म्हणून सांगते, या जागेवर लतिका उभी असायची. मी पुस्तक घेऊन समोरच्या विंगेत. तिथून मला त्यांची पाठ दिसायची."