खेमराजचा पहिला गोल

सानगडीच्या मैदानावर शेवटच्या मिनिटाला आंधळगावला पेनल्टी मिळाली, आणि खेमराजने सवयीप्रमाणे बॉल उचलून अनुपच्या पायाशी आणून ठेवला.

"आज तू मार," अनुप म्हणाला. "तुही शेवटची मॅच हाय."

"मी काहून मारू? तुमी असताना?"

सोळा वर्षांत खेमराजने गोलकडे एकही बॉल मारला नव्हता. समोर गोल रिकामा असला तरी तो थांबायचा, अनुपला शोधायचा आणि बॉल त्याला द्यायचा. एकदा अनुप लाईनीबाहेर पाणी पीत होता, तर त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत खेमराज बॉलवर पाय ठेवून उभा राहिला. समोरचे अकराही जण म्हणे उभेच राहिले.

याचं कारण अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. अनुप देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये चार मॅच खेळला होता. चार मिळून एकोणतीस मिनिटं. आंधळगावात ती सांगायला बाजाराचा पूर्ण दिवस लागतो. मग तो सुटीवर गावी आला, गावातल्या मॅचमध्ये खेमराजची लाथ त्याच्या घोट्यावर बसली आणि वरची लीग संपली. तेव्हापासून जिल्ह्याची लीग आणि गावोगावच्या स्पर्धा. घोटा तीन महिन्यांत जुळला. अनुप मात्र खेमराज दिसला की अजून थोडं लंगडायचा.

"ज्या पायानं तुमचा घोटा तोडला, त्याच पायानं गोल मारू?" खेमराज म्हणाला. "पाप लागन मले."

रेफरीने घड्याळाकडे बोट केलं. अनुपने खेमराजचं मनगट धरलं.

"घोट्यानं काही नाही झालं, खेम्या. क्लबनं मले आधीच काढलं होतं. सुटीवर नव्हतो आलो मी, चिठ्ठी खिशात घेऊन आलो होतो. तुही लाथ बसली अन् मले सुटल्यावानी वाटलं. गावाले सांगाले कारण भेटलं."

खेमराज त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"सोळा वर्षं?"

"सोळा वर्षं."

 खेमराज मागे गेला, आणखी मागे गेला, पार मधल्या रेषेपर्यंत गेला, आणि तिथून धावत आला. सानगडीचे लोक सांगतात, गोलकीपरने उडी मारली ती बॉल अडवायला नाही, जीव वाचवायला. जाळी फाडून, शेताच्या तीन बांध्या ओलांडून बॉल कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यात घुसला, तो अजून मळणीतही निघालेला नाही.

पोरांनी खेमराजला खांद्यावर घेतलं. तो वरून रडत होता, हसत होता. अनुप खाली उभा होता. सोळा वर्षांनी त्याला धड श्वास घेता येत होता.

"मले नका उचलू बे, त्यायले उचला!" खेमराज ओरडला. "मी गोल मारावा म्हनून काय बोलले मालूम हाय? म्हने, क्लबनं आधीच काढलं होतं! माह्या डोक्यावरचं पाप उतरवाले सोताचं नाव खराब करून राहिले! देवमानूस हाय, देवमानूस!"

"खरं हाय ते!" अनुप म्हणाला. "खेम्या, आईची शपथ, खरं हाय!"

"पाहा!" खेमराज पोरांना म्हणाला. "शपथ पन खोटी खाऊन राहिले माह्यासाठी."

मग सगळ्यांनी मिळून अनुपला उचललं. तो खाली उतरवा म्हणत होता, पाय झाडत होता; पण ढोल सुरू झाला होता.