डिस्कचा आवाज

खंडेनवमीपासून शिवराजचा कॉम्प्युटर बिथरला होता. तीच कमांड कधी चाले, कधी मध्येच अडके, आणि आतून सारखी कटकट ऐकू येई. हार्ड डिस्कच मरायला टेकलीय, याची त्याला खात्री पटली. गेलेल्या वडिलांचे बोलतानाचे व्हिडिओ फक्त तिच्यातच होते. ते कॉपी करायची कमांड पुन्हा अडकली, तसं त्यानं वैतागून डिस्क काढली, उघडली आणि आतली सुई अडकली असेल म्हणून बोटानं सरकवली. चर्रकन चकती ओरबाडली गेली.

डिस्कविना कॉम्प्युटर सुरू केला, तर कटकट चालूच. त्यानं वाकून आत टॉर्च मारला. पंख्याच्या पात्यांत कुंकू लावलेला तांदळाचा दाणा अडकला होता; पंखा अडखळे, म्हणून कॉम्प्युटर तापून अडके.

"आई, हा दाणा?"

"पूजेला मीच अक्षता वाहिल्या रे. त्यात ह्यांचा आवाज हाय ना, म्हणलं जपून ऱ्हाऊ दे."