आबांचं कुलूप

"कुलूप काढा की ओ आबा," सिंधुबाई म्हणाली.

"पाव्हण्यांसाठी हाय ते," म्हणत कारभारी आबांनी संडासाची किल्ली खिशात टाकली.

सिन्नरजवळ त्यांचं द्राक्षं पॅक करायचं शेड होतं. बाया दिवसभर घड साफ करायच्या, पेट्या भरायच्या आणि तहान मारायच्या. पाणी प्यायलं की बाभळीआड जावं लागे, अन् तिथं ट्रकवाले उभे! मागच्या हंगामात मैना भोवळ येऊन पडली, तरी किल्ली खिशातच.

आबा मनाचे वाईट नाहीत, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे! फाटकावर राखणीला सिंधुबाईचा नवरा धोंडीराम इतकी वर्षं होता. पण त्याच्या पोराच्या लग्नाला देवळा गावापर्यंत जायला आबांना सवड झाली नाही.

त्या वर्षी नाशिकला निर्यातवाल्यांच्या बैठकीत सांगितलं, आता युरोपला नुसती गोड द्राक्षं चालत नाहीत. कामाच्या बायांना संडास, प्यायचं पाणी आहे का, तेही बघतात. आबा खो खो हसले. आठवड्यात एका बाईचा फोन आला, "जाँच के लिए आ रही हूँ." हसू पळालं.

मॅडम आल्या. काळा गॉगल, काखेत फाईल, तोंडात हिंदी. थेट संडासापाशी.

"ये ताला किसलिए?"

"चोरांसाठी, मॅडम."

"यहाँ से चोर क्या ले जाएगा?"

बाया पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसल्या.

"फिर कभी ताला दिखा, तो कंटेनर वापस. मैं बिना बताए आऊँगी."

कंटेनर म्हटल्यावर आबांचा जीव टांगणीला! त्यांनी कुलूप काढलं आणि किल्लीसकट विहिरीत फेकलं.

मॅडम निघाल्या. फाटकात धोंडीरामनं कडक सलाम ठोकला, तशी मॅडमनी चटकन ओढणी डोक्यावर घेतली.

"ऊन लय हाय, मॅडम," आबा अदबीनं म्हणाले.

इकडे मैनानं तांब्या तोंडाला लावला, तो रिकामा करूनच खाली ठेवला. "जिंकलो गं बायांनो!" ती ओरडली. शेडमध्ये असा गलका झाला की ट्रकवालेसुद्धा वाकून बघायला लागले. सिंधुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

संध्याकाळी घरी ताटात गरम भाकरी टाकताना मात्र तिनं कपाळावर हात मारला. "समदं झ्याक केलंस गं सूनबाई, पण सासरा दिसला म्हणून तपासणीवाल्या मॅडमनं डोक्यावर ओढणी घ्यायची असती व्हय?"