पत्रिका जमत नाही

पाहुणे जिना उतरले, तेव्हा मी फोन हातात घेऊनच बसलो होतो. पोह्यांच्या बशा उचलता उचलता केतकी मुलाबद्दल एक शब्द बोलणार आणि मी त्याच्या वडिलांना नकार कळवणार, ही आता आमच्या घरची पद्धतच झाली होती.

पहिला मुलगा तिनं ‘पकाऊ’ म्हणून काढला, दुसरा ‘चिंधी’, तिसरा चांगला इंजिनिअर, तो ‘माठ’. “अगं, माणसांबद्दल नीट बोलावं,” असं मी वैतागून सांगायचो. हे शब्द फोनवर कसे सांगणार? म्हणून आठही वेळा मी अतिशय गोड आवाजात म्हणालो होतो, “पत्रिका जमत नाही हो.”

“बोल. हा नववा कोण?” मी विचारलं.

केतकी बशी हातात धरून उभीच राहिली. “शब्दच सुचत नाहीये, बाबा,” ती म्हणाली आणि चक्क लाजली. तिची आई देवापुढे साखर ठेवायला उठली.

संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज अतिशय गोड.

“पत्रिका काही जमत नाही हो.”

पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

मी फोन ठेवला. केतकी समोरच उभी होती. “बाबा, तो मला खरं काय म्हणाला असेल?”

आठ घरांत चाललेला माझा गोड आवाज त्या वेळी काही कामाला आला नाही.

“माठ आहे गं तो,” मी म्हणालो.