पाचवी सिस्टर

“चारच आहात तुम्ही,” फादर एलिसेओ म्हणाले. “पाचाच्या खाली आकडा गेला की घर बंद करायचं. नियम आहे, माद्रे. मी केलेला नाही.”

“पाच आहोत,” मठाच्या प्रमुख माद्रे प्रिमितिवा म्हणाल्या आणि केळीच्या पानात शिजवलेल्या गोड भाताचं, सुमानचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. “खा. मनिलात असलं मिळत नसेल.”

फादर सकाळच्या बोटीने आले होते. आल्या आल्या माद्रेंनी रीतीप्रमाणे घरच्यांची चौकशी केली होती. भाऊ दुबईला, आई गावी, सगळे मजेत. मग फादरांनी बॅगेतून हुकूम काढला. सान रोकेचं हे घर बंद, सगळ्या सिस्टरांनी महिनाअखेर मनिलाच्या वृद्धाश्रमात जायचं. माद्रेंची सही घ्यायची आणि चारची परतीची बोट धरायची, एवढंच काम होतं. माणूस वाईट नव्हता. पण तीन वर्षं राजधानीच्या कचेरीत बसून त्याला माणसांपेक्षा कागद बरे वाटू लागले होते, आणि तेही तो धड वाचत नसे.

“मोजू या,” केळीच्या पानातून दुसरं सुमान सोडवत फादर म्हणाले. “तुम्ही एक. या सिस्टर क्लेमेन्सिया दोन. सिस्टर लुदिविना तिकडे कोंबड्यांमागे धावतायत, त्या तीन. वर खाटेवर सिस्टर तेओदोरा. झाल्या चार.”

“आणि चॅपेलमध्ये काय भूत बसलंय?” क्लेमेन्सियांनी विचारलं.

चॅपेलमध्ये कुणीतरी होतंच. या घराची रीतच तशी. वेदीसमोरची जागा दिवसरात्रीत एकही तास रिकामी राहायची नाही. चेहऱ्यावर पांढरा पडदा ओढून एक सिस्टर गुडघे टेकते. दुसरीने येऊन खांद्यावर हात ठेवल्याशिवाय ती उठत नाही, आणि तोवर तिच्याशी कुणी बोलत नाही. गोऱ्या सिस्टरांनी आपल्या मठात इथल्या बायकांना नुसती भांडी घासायला ठेवलं, तेव्हा त्यातल्या सहा जणींनी बाहेर पडून हे घर काढलं आणि ही साखळी सुरू केली. नव्वद वर्षांत खंड नाही. अशांना बोटीचं वेळापत्रक दाखवून काय उपयोग?

“ती तुमची धुणंवाली बासिंग असणार,” फादर म्हणाले. “व्रतं न घेतलेल्या बाईला सिस्टर म्हणून खपवू नका, माद्रे.”

तेवढ्यात बासिंगच कॉफी घेऊन आत आली. कपबश्या ठेवून, फादरांकडे जरा रोखून बघून ती निघून गेली. क्लेमेन्सियांना खोकला आवरेना.

“आत बसलीय तिचं मठातलं नाव सिस्टर पाझ,” माद्रे म्हणाल्या. “फेब्रुवारीत व्रतं घेतली. सगळे कागद तुमच्या कचेरीत पाठवले, पोचही आली. उघडून बघायचे होते.”

फादरांना कचेरीतल्या टेबलावरचा न उघडलेला गठ्ठा आठवला. त्यांनी कॉफीचा घोट घेतला.

“वय काय यांचं?”

“एकाहत्तर.”

“एकाहत्तर! या वयात कुणी व्रतं घेतं?”

“विधवा आहे. जन्मभर दुसऱ्यांचं केलं. आता मनासारखं करायला तिने कुणाची परवानगी काढायची होती? तुमची?”

“हे सगळं रचलेलं आहे,” फादर उठले. “आकडा भरायला कुणीतरी म्हातारी पकडून आणलीत. मी स्वतः विचारतो तिला.”

ते चॅपेलकडे निघाले. माद्रे काठी टेकत त्यांच्या आधी दाराशी पोचल्या. ब्याऐंशीव्या वर्षी त्या एवढ्या भरभर चालतील असं कुणाला वाटलं नसतं.

“थांबा.”

“माद्रे, बाजूला व्हा.”

“नाही होणार. युद्धात हे गाव जळत होतं. या घराला आग लागली तेव्हा सिस्टर केळीच्या बागेत गेल्या आणि तिथे गुडघे टेकले. मी आठ वर्षांची होते, त्यांना पाणी नेऊन देत होते. सैनिकांनी बंदुका रोखल्या, तरी एकही उठली नाही. आणि तुमची बोट चुकते म्हणून मी तिला उठवू?”

माद्रेंना भीती वाटत होती. हुकूम खरा होता, शिक्काही खरा होता. आज सही झाली तर महिनाअखेरीपासून ती जागा रिकामी राहणार होती, कायमची. पण भीतीपेक्षा त्यांचा राग मोठा होता. त्यांनी काठी दारात आडवी धरली.

“तीन वाजता तिचा तास संपेल,” त्या म्हणाल्या. “मग काय विचारायचं ते विचारा. तोवर आत जायचं तर मला आडवं पाडून जा.”

फादर थांबले. त्यांनी आणखी एक सुमान खाल्लं, दोनदा घड्याळ पाहिलं. बोट चुकली तरी चालेल, पण हे ढोंग उघडं पाडायचंच, असं त्यांनी ठरवलं.

तीनचे टोले पडले. क्लेमेन्सिया आत गेल्या आणि गुडघे टेकलेल्या सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला. ती बाकाला धरून हळूहळू उठली. क्लेमेन्सिया तिच्या जागी बसल्या. ती दाराबाहेर आली आणि हुकूम हातात घेऊन उभ्या असलेल्या फादरांसमोर थांबली.

“पडदा वर करा, सिस्टर,” फादर करड्या आवाजात म्हणाले. “आणि खरं खरं सांगा, तुम्हाला इथे कुणी आणून बसवलं?”

तिने पडदा वर केला.

“माझं घर बंद करायला आलास होय रे, एली?” त्यांची आई म्हणाली.