गोजीच्या पानांवरच्या गाठी

‘परदेशी कोळीकिडीचा प्रसार सुचिताच्या रोपवाटिकेतूनच झाला आहे,’ असे अहवालात ठामपणे लिहिले होते. म्हणून मुरुडजवळच्या तिच्या वाडीतली चारशे रोपे आज जाळायची होती.

नजमुद्दीन सरांनी अहवाल दोनदा वाचला. तीस वर्षे जीवशास्त्र शिकवलेल्या त्यांना तो ओळखीच्या उत्तरपत्रिकेसारखा वाटला. अक्षर सुबक, उत्तर चूक.

“साहेब,” ते कृषी अधिकाऱ्याला म्हणाले, “ही कीड गोजी बेरीच्या झुडपावर जगते. सुचितानं गोजी कधी विकलीच नाही. तुम्ही तिच्या जास्वंदीवर मावा पाहिलात आणि त्याच्या हातात पासपोर्ट दिलात.”

“मग तुमच्या मोहल्ल्यातल्या एकवीस घरांत ही लाल फळांची गोजीची झाडं आली कुठून?”

सरांनी अहवालाची घडी घातली. सुचिता रॉकेलच्या कॅनकडे पाहत उभी होती.

“बोला ना सर. पान उलटून बघायला तुम्हीच शिकवलंत आम्हाला.”

अधिकाऱ्याने घरांची यादी पुढे सरकवली. सरांना ती वाचायची गरज नव्हती. त्यांचा मुलगा फैझान गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला आलेली हीच ती एकवीस घरे.

गोजीची पहिली फांदी फैझाननेच आणली होती. शेवटच्या रजेत, ओमानहून, ओल्या रुमालात गुंडाळून, सामानात लपवून. ती दाराशी कुंडीत रुजली. पुढच्याच वर्षी तो तिकडे इमारतीवरून पडून गेला. चाळिसाव्याला त्याच्या आईने, सफुराने, जेवून निघालेल्या प्रत्येक घराला त्या झाडाची एकेक फांदी दिली. “माझा पोर तुमच्या दारात वाढू दे,” एवढेच ती म्हणत होती.

“यादीतलं पहिलं घर माझं घाला,” सर म्हणाले. “तिची रोपं सोडा. आमची कुंडी जाळा.”

“तसं लेखी द्यावं लागेल, सर. कीड आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, एवढं लिहा. प्रकरण मिटेल.”

सरांनी कागद घेतला. बराच वेळ लिहिले. सुचिताने तो उचलून वाचला. अक्षर सुबक होते.

“फांद्या मी कापून दिल्या. पानांवरच्या गाठी मी त्याआधीच भिंगाखाली पाहिल्या होत्या. आतली कीड हलताना दिसली होती. पण सफुरा कात्री घेऊन समोर उभी होती, आणि चाळीस दिवसांनंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती.”